पाकिटातलं जेवण हळूहळू कमी करायचंय: सुरुवात कुठून करू?

चिमूटभर (धागाकर्ती)
गुरुवार, रात्री ११:०५

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचते आहे, आज लिहायची वेळ आलीच.

घरात आम्ही पाच जण. मी, नवरा, १३ वर्षांची लेक, ७ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. नोकरी दोघांचीही पूर्णवेळ. चूल रोज पेटते, पण परवा नीट बघितलं तर स्वयंपाकातलं निम्मं काम कात्रीचं आहे. सूपचं पाकीट काप, नूडल्सचं काप, मसाल्याची पुडी फाड, गोठवलेल्या वड्या तेलात सोड. सुरी आठवड्यातून दोनदा निघाली तर खूप.

तर गेल्या रविवारी माझ्या अंगात आलं. सगळ्या फळ्या रिकाम्या केल्या. सूप, नूडल्स, सॉस, बिस्किटं, सकाळचं गोड सीरियल, स्ट्रॉबेरीच्या चवीचं दही, सगळं एका मोठ्या पिशवीत. सोमवार झकास गेला. मंगळवार बरा. बुधवारी मी पावणेआठला घरी पोचले आणि लक्षात आलं की राजमा भिजत घालायचा राहिलाय. मुलगा ओट्सच्या डब्यात हात घालून कोरडे ओट्स चघळत बसलेला. लेकीने खोलीचं दार लावून घेतलेलं. सासूबाई म्हणाल्या, "मी दूध पिऊन झोपते गं, तू त्रास करून घेऊ नकोस." लेकीच्या दारापेक्षा हे वाक्य जास्त लागलं.

आज पिशवी परत उघडली. (टाकून दिली नव्हती. जिन्याखाली ठेवली होती. मी स्वतःला ओळखून आहे.)

आता पुन्हा करायचंय, पण बेताबेताने. कोणी केलंय का? सुरुवात कुठून केली? आणि कुठे थांबायचं हे कसं ठरवलं?

गोगलगाय_८
गुरुवार, रात्री ११:४०

एकदम फळी रिकामी करणाऱ्या क्लबात स्वागत. आमचं तीन दिवस टिकलं होतं, तुमचंही तेवढंच म्हणायचं.

दुसऱ्या खेपेला आम्ही एक केलं. फ्रीजच्या दारावर कागद चिकटवला आणि आठ दिवस जे पाकीट, बाटली, डबा उघडला जाईल त्याचं नाव लिहायचं, बाकी काही बदलायचं नाही. कोणी कोणाला बोलायचं नाही. आम्हाला वाटत होतं खलनायक नूडल्स असणार. नूडल्स आठवड्यात एकदाच निघाल्या. पण गोड सीरियल आणि चवीचं दही रोज, चौघांनाही. म्हणजे मी ज्याच्यावर डोळा ठेवून होतो ते सणावारी येणारे पाहुणे होते आणि घरात राहणारा भाडेकरू दिसतच नव्हता.

मग आधी फक्त दही. पहिल्या आठवड्यात चवीच्या दह्यात दोन चमचे साधं दही मिसळलं. दर आठवड्याला साधं वाढवत गेलो. चौथ्या आठवड्यात साध्या दह्यात केळं कुस्करून. ते जमेपर्यंत दुसऱ्या कशालाही हात लावला नाही. बायको म्हणाली, या वेगाने आपण निवृत्तीपर्यंत पोचू. पोचलो नाही, पण वर्ष लागलं हे खरं.

तिरपा_डोळा
शुक्रवार, सकाळी ८:१५

विरजण घालायला आलोय, माफी असावी. 'प्रक्रिया न केलेलं' म्हणजे नक्की काय? दळणं ही प्रक्रिया. उकळणं ही प्रक्रिया. दही म्हणजे जिवाणूंनी केलेली प्रक्रिया. तेल तर गाळून, तापवूनच येतं. असं म्हटलं तर झाडावरचं फळ सोडून काहीच खाता येणार नाही, आणि तेही धुवायचं की नाही यावर दुसरा धागा निघेल.

भिंगवाला
शुक्रवार, सकाळी ९:३०

तिरपा_डोळा, प्रश्न रास्त आहे. मी अन्नपदार्थांची लेबलं तपासायचं काम करतो, त्यामुळे थोडं लिहितो.

२००९ मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलो विद्यापीठातल्या कार्लोस मोंतेइरो आणि सहकाऱ्यांनी एक वर्गवारी मांडली, तिला नोव्हा म्हणतात. पहिला गट जसंच्या तसं किंवा अगदी थोडी प्रक्रिया केलेलं: फळं, भाज्या, धान्य, डाळी, अंडी, दूध, साधं दही, गोठवलेले मटारसुद्धा. दुसरा गट ज्यांनी आपण रांधतो ते, म्हणजे तेल, मीठ, साखर, लोणी. तिसरा गट पहिल्यात दुसरा मिसळून टिकवलेलं: चीज, मिठाच्या पाण्यातले डब्यातले बीन्स, साधा ताजा पाव. चौथा गट अतिप्रक्रियायुक्त. हे बहुतांशी अन्नापासून काढलेल्या अर्कांची जुळणी असते, घरच्या स्वयंपाकघरात न होणारी.

तेव्हा दळलेल्या पिठाला कोणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाहीये. कमी करायचाय तो चौथा गट. या वर्गवारीवर टीकाही आहे. कारखान्यातला गव्हाचा कापलेला पाव आणि रंगीत सोडा एकाच गटात बसतात, हे मलाही खटकतं.

लेबल वाचताना एक करा. बहुतेक देशांत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणून पहिले तीन घटक बघा. साखर पहिली येऊ नये म्हणून कधी तिचे तुकडे पडतात: साखर, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, मध, फळांच्या रसाचा अर्क, प्रत्येकजण यादीत आपापल्या जागी गुपचूप. बेरीज आपण करायची. आणि घटकांच्या यादीतल्या आकड्यांना (मिसळलेल्या द्रव्यांचे क्रमांक असतात ते) उगाच घाबरू नका. ३०० म्हणजे व्हिटॅमिन सी. ३३० म्हणजे लिंबात असतं ते सायट्रिक आम्ल. आकडा दिसला की विष, असं नाही.

तिरपा_डोळा
शुक्रवार, सकाळी ९:५२

हे ठीक. पण चौथ्या गटाने वाईट होतं याला पुरावा काय? जे लोक रोज पाकिटं खातात ते झोपतात कमी, फिरतात कमी, कमावतातही कमी. दोष पाकिटाचाच कशावरून?

भिंगवाला
शुक्रवार, दुपारी १:१०

नेमकं हेच तपासायला केविन हॉल यांच्या गटाने अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत एक प्रयोग केला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. २० जणांना चार आठवडे तिथेच ठेवलं. दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त जेवण, दोन आठवडे साधं, क्रम चिठ्ठीने. ताटात वाढलेल्या कॅलरी, साखर, स्निग्ध, तंतू, मीठ दोन्हीकडे जुळवलेलं. हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. पाकिटवाल्या पंधरवड्यात माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि सरासरी ०.९ किलोने वाढली. साध्या जेवणावर तेवढीच उतरली.

माणसं २०, काळ दोन-दोन आठवडे. दहा वर्षांनी काय होतं हे यावरून ठरत नाही, ते आधीच मान्य करतो. पण त्यातलं एक निरीक्षण मला महत्त्वाचं वाटतं: पाकिटवालं जेवण लोकांनी भराभर खाल्लं. मऊ असतं, चावावं लागत नाही. पोट भरल्याची वर्दी पोचायच्या आत ताट रिकामं.

तिरपा_डोळा
शुक्रवार, दुपारी १:१४

बरं. तूर्त गप्प बसतो.

वाचनमात्र
शुक्रवार, दुपारी २:००

वाचनखूण साठवली. तिरपा_डोळा गप्प बसले म्हणून दुसरीही साठवली.

रात्रपाळी
शुक्रवार, रात्री ११:५५

सगळं वाचलं. छान आहे. आता एक बोलते, कडू लागेल.

पाकीट नुसतं अन्न नसतं. ते कोणाचं तरी काम करत असतं. निवडणं, सोलणं, भिजवणं, वाटणं, सगळं कोणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं म्हणून ते दहा मिनिटांत होतं. पाकीट काढून टाकलं की काम कुठे जात नाही, ते कोणाच्या तरी अंगावर पडतं. कोणाच्या, ते मी सांगायला हवंय का? चिमूटभर, तुझ्या पोस्टीत पाच माणसं आहेत आणि बुधवारी राजमा विसरणारी तू एकटीच. बाकी चौघांना राजमा आठवायची मुभाच नव्हती.

मी रुग्णालयात रात्रपाळी करते, दोन मुलं, तिसरं कोणी नाही. मी केलेला बदल एवढाच: ठरवलं की संध्याकाळी सहा ते आठ या वेळात मी काहीही चिरणार नाही. त्या वेळात फक्त एकत्र करायचं आणि तापवायचं. चिरणं सकाळी, अर्धा तास, पोरांसोबत. गोठवलेले मटार, गोठवलेला पालक, डब्यातले टोमॅटो (घटक: टोमॅटो, बस्स), उकडलेली अंडी. हे 'शुद्ध' नाही म्हणून ज्यांना नाक मुरडायचंय त्यांनी माझी एक पाळी घ्यावी.

भिंगवाला
शनिवार, सकाळी ७:२०

नाक कोण मुरडेल? गोठवण्याआधी भाज्या गरम पाण्यात बुडवून काढतात, तेवढंच. मटार तर तोडल्यावर काही तासांत गोठतात, बाजारात चार दिवस पडलेल्यांपेक्षा बरे.

आणि तुमचा मुद्दा सरकारी कागदावरही आला आहे. ब्राझीलने २०१४ मध्ये आहाराची मार्गदर्शक सूचना काढली. ती पोषकद्रव्यांच्या तक्त्यांपेक्षा जेवणावर भर देते, आणि स्वयंपाकाचं काम घरातल्या सगळ्यांनी वाटून घ्यावं असं त्यात लिहिलंय.

चिमूटभर (धागाकर्ती)
शनिवार, सकाळी १०:३०

रात्रपाळी, तुझा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. त्याने दोनदा वाचला, मग विचारलं, "राजमा किती वेळ भिजवायचा असतो?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी हसले नाही, हे माझं कर्तृत्व समजा.

फ्रीजवर कागद लावलाय. पहिल्याच दिवशी नऊ ओळी झाल्या. त्यातल्या चार सॉसच्या.

आजीचीपिशवी
शनिवार, दुपारी १२:१५

अगं चिमूटभर, राजम्याचं तुझ्या नवऱ्याला मी सांगते. रात्रभर भिजवायचा, निदान पाच तास तरी. ते पाणी ओतून द्यायचं, ताज्या पाण्यात घालायचा आणि खळखळून उकळायचा, नुसतं कोमट ठेवून नाही. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, ते दहा मिनिटं तरी सणसणीत उकळल्याशिवाय मरत नाही. मी अर्धा तास धरते. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा घालून कामावर जायचं, हे अजिबात करू नका. दोन-तीन तासांत उलट्या सुरू होतात.

आणि एवढासा कशाला शिजवतेस? एकदम किलोभर शिजव. निथळून ताटात पसर, गार कर, एका वेळच्या पुरचुंड्या करून फ्रीझरला लाव. तारीख घाल, नाहीतर पुढच्या वर्षी सापडतील. बुधवारी संध्याकाळी काढायचं ते हेच. पाकीटच झालं की ते! फक्त भरलं तू.

सासूबाई 'दूध पिऊन झोपते' म्हणाल्या, त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. त्यांना अर्धा तास बसून मटार सोलायला, लसूण सोलायला दे. आम्हा म्हाताऱ्यांना काम नको असतं हा तरुणांचा गैरसमज आहे. उभं राहायचं काम नको असतं.

दोन_पोरांचा_बाप
शनिवार, रात्री ९:४०

मुलांबद्दल. नवीन पदार्थ पहिल्या खेपेला थुंकला म्हणजे आवडत नाही असं धरू नका. आठ, दहा, कधी पंधरा वेळा समोर यावा लागतो. आमच्याकडे फुलकोबी अकराव्या वेळेला पोटात गेला. नियम दोनच: ताटात एक तुकडा असणार, आणि त्यावर भाषण होणार नाही. दुसरा नियम मला जड गेला.

एक चूक मात्र केली ती सांगतो. मुलीला मैत्रिणीच्या वाढदिवसाला जाताना घरचा डबा दिला. ती आली ते रडतच. त्यानंतर बाहेरचं बाहेर, घरचं घरी. घराच्या फळीवर आपला ताबा, जगाच्या फळीवर नाही.

खारीचावाटा
रविवार, दुपारी ४:०५

मी अतिरेक करून बसले होते, तेही इथे असू दे.

पहिला अतिरेक: साखर बंद, मध सुरू. चमचे मोजेचना, कारण मध 'नैसर्गिक'. जागतिक आरोग्य संघटना मध आणि फळांचा रसही मुक्त साखरेतच (म्हणजे जी कमी खायला सांगतात तिच्यात) धरते, हे नंतर कळलं. (एक वर्षाखालच्या बाळाला तर मध देऊच नये.) दुसरा: साधं मीठ 'प्रक्रिया केलेलं' म्हणून दगडाचं गुलाबी मीठ आणलं. त्यात आयोडीन घातलेलं नसतं. डॉक्टरांनी विचारलं, मीठ कुठलं खाता, तेव्हा ट्यूब पेटली. आता आयोडीनयुक्तच, फक्त कमी. तिसरा: दूध बंद करून घरी बदाम वाटून दूध. विकतच्या बदामाच्या दुधात बऱ्याचदा कॅल्शियम आणि बी१२ मुद्दाम घातलेलं असतं, माझ्या पातेल्यात कोण घालणार? पाकिटातून काहीतरी चांगलंही मिळत असतं कधी, ते कुठून भरून काढायचं हे आधी बघा.

चौथा: लसूण तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवली होती. दिसायची फार सुंदर.

भिंगवाला
रविवार, दुपारी ४:२०

खारीचावाटा, ती बरणी अजून असेल तर आत्ता फेका. चव बघू नका. तेलाखाली हवा नसते, लसणाला माती लागलेली असू शकते, आणि बोट्युलिझमचा (जीवघेण्या विषबाधेचा) जिवाणू नेमका अशाच जागी वाढतो. वास येत नाही, रंग बदलत नाही. लसणाचं तेल लागेल तेवढंच करा, उरलं तर फ्रीजमध्ये आणि चार दिवसांत संपवा.

यावर एक धागाच काढायला हवा खरं तर. टिकवणारं द्रव्य काढून टाकलं की टिकवायची जबाबदारी आपली होते. शिजलेला भात दोन तासांत फ्रीजमध्ये. कच्च्या अंड्याचं घरचं मेयोनेझ लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना नको. कोंड्यासकट दळलेलं पीठ मैद्यापेक्षा लवकर खवट होतं, कारण धान्याच्या अंकुरातलं तेल त्यात असतं. थोडं दळा, थंड ठेवा.

खारीचावाटा
रविवार, दुपारी ४:३१

फेकली. बरणीसकट.

चिमूटभर (धागाकर्ती)
सात आठवड्यांनी, रविवार, रात्री १०:२०

धागा वर काढते आहे. हिशेब द्यायला.

सात आठवड्यांत तीन गोष्टी बदलल्या, तीनच. दही (गोगलगाय पद्धतीने, लेकीला कळलंच नाही). सकाळचं सीरियल: आता ओट्स आणि फळ, पण शनिवारी जुनं सीरियल मिळतं, आणि शनिवारी सगळे माझ्याआधी उठतात. तिसरा सॉस.

सॉसची गोष्ट सविस्तर सांगते. मी घरी केला आणि लबाडी करून जुन्या बाटलीत भरला. पहिल्या दिवशी खपला. दुसऱ्या दिवशी मुलाने बाटली बटाट्यांवर उलटी धरली आणि सॉसच्या आधी लालसर पाण्याची चिळकांडी आली. बटाटे ओले. त्याने बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आई, ही रडतेय." मग सगळं कबूल करावं लागलं. तो दोन दिवस माझ्याशी तुटक बोलला. सॉस बदलल्याचा राग नव्हता, न सांगता बदलल्याचा होता. आता बरणी वेगळी आहे आणि तिच्यावर त्याच्या अक्षरात चिकटपट्टी आहे: 'हलवा. रडतो.'

बुधवार नवऱ्याकडे गेला. मंगळवारी रात्री त्याच्या फोनवर गजर वाजतो, 'भिजव'. एकदा त्याने गजर बंद केला आणि झोपला. त्या बुधवारी नूडल्स खाल्ल्या, कोणी मेलं नाही. सासूबाई लसूण सोलतात आणि सोलता सोलता लेकीला बातम्या विचारतात. लेक दार उघडं ठेवते म्हणणार नाही, पण लोटून ठेवते.

जिन्याखालची पिशवी अजून आहे. अर्धी झालीय. सूपची पाकिटं मी काढत नाही आणि टाकतही नाही.

भिंगवाला
रविवार, रात्री १०:४५

रडायचं कारण: विकतच्या सॉसमध्ये बऱ्याचदा स्टार्च किंवा डिंकासारखं काही असतं, ते पाणी धरून ठेवतं. घरच्या सॉसला टोमॅटोच्या स्वतःच्या पेक्टिनवर भागवावं लागतं. अजून आटवा, कमी रडेल.

गोगलगाय_८
रविवार, रात्री १०:५०

सात आठवड्यांत तीन! आमच्यापेक्षा भन्नाट वेग आहे. नाव बदलून घ्यावं म्हणतो.

रात्रपाळी
सोमवार, पहाटे ३:३०

'भिजव'चा गजर वाचून कामावर एकटीच हसले. कृती दे सॉसची.

चिमूटभर (धागाकर्ती)
सोमवार, सकाळी ७:०५

दोन किलो पिकलेले टोमॅटो, एक मोठा कांदा, चार लसूण पाकळ्या. सगळं चिरून झाकण न ठेवता मऊ होईपर्यंत शिजव, वाटून गाळून घे. पसरट भांड्यात परत आचेवर, पाव कप व्हिनेगर, तीन चमचे साखर (विकतच्यात याहून बरीच जास्त असते, म्हणून पहिल्यांदा पाच घातले होते, मग उतरवत आले). ढवळत आटव. चमच्याने तळाशी रेघ ओढली आणि ती लगेच बुजली नाही की झालं. मला सव्वा तास लागतो, तेवढ्यात मुलाचा गृहपाठ होतो. लहान बरण्या करून फ्रीझरमध्ये, उघडलेली फ्रीजमध्ये, आठवडाभरात संपव.

रात्रपाळी
सोमवार, सकाळी ७:४०

मीठ?

चिमूटभर (धागाकर्ती)
सोमवार, सकाळी ७:४२

सगळ्यात शेवटी, आटल्यावर, चाखून. मी पहिल्या खेपेला सुरुवातीलाच घातलं होतं आणि मग एका भांड्याचं अर्धं भांडं झालं. तो सॉस अजून फ्रीझरमध्ये आहे, सूपमध्ये मिठाऐवजी घालते.